माथेरानला स्वतःच्या प्लॅनने जाताय? गाड्या नसलेल्या गावासाठी फोन असा तयार करा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आईला घेऊन डोंबिवलीहून माथेरानला निघालो होतो. टूरवाला नाही, पॅकेज नाही. हॉटेलचं नाव मॅपमध्ये टाकलं, फोनने वेळ सांगितली, म्हटलं झालं काम. मी रोज ठाण्याला ऑफिसला जातो, दिवसभर कोड लिहितो. एवढ्या जवळच्या ठिकाणाला जायला वेगळी तयारी कशाला?

दस्तुरी नाक्यावर उतरलो आणि तिथेच सगळं अडलं. यूपीआयचं चक्र फिरत राहिलं, पैसे काही जाईनात. मागे रांग वाढली. शेवटी आईच्या पर्समधल्या शंभराच्या नोटांनी काम भागलं. मग आईने विचारलं, "आता किती चालायचं?" मी मॅप उघडला, तर पायी रस्ता दाखवायलाच तयार नाही. आई म्हणाली, "अरे, फोनला विचारण्यापेक्षा त्या माणसाला विचार ना." विचारलं. अडीच किलोमीटर चढ-उताराचा मातीचा रस्ता. आईचा गुडघा दुखरा. बाजारात पोहोचेपर्यंत दीड तास गेला.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं, की बिघाड फोनमध्ये नव्हता. आपला फोन एक गोष्ट गृहीत धरून चालतो: दारापर्यंत गाडी जाते, नेटवर्क आहे आणि पैसे ऑनलाइन जातात. माथेरानमध्ये यातली पहिली गोष्ट कायद्यानेच बंद आहे आणि उरलेल्या दोन कधीही दगा देतात. म्हणून हा लेख. ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून स्वतःच्या प्लॅनने माथेरानला जाणाऱ्यांनी निघण्याआधी फोनमध्ये काय काय करून ठेवायचं, आणि ते का, हे इथे एकेक करून बघू.

माथेरान म्हणजे डोंगरावरचं बेट

माथेरान समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचीवर आहे. आज ते रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात येतं, पण त्याची सुरुवात आपल्या ठाण्याशी जोडलेली आहे. ह्यू पॉइंट्झ मॅलेट हा ठाण्याचा कलेक्टर मे १८५० मध्ये हा डोंगर चढून गेला आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात इथे थंड हवेचं ठिकाण वसलं. १९०७ मध्ये नेरळहून वर जाणारी छोटी रेल्वे सुरू झाली. ती बांधली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट.

४ फेब्रुवारी २००३ ला केंद्र सरकारने माथेरान आणि आजूबाजूचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. तुमची कार, बाइक, ओला, उबर, कोणीही असो, दस्तुरी नाक्यावर थांबतं. त्यापुढे फक्त रुग्णवाहिका, अग्निशमनाची गाडी आणि परवानगी असलेल्या मोजक्या ई-रिक्षा. म्हणजे चारही बाजूंनी पाणी नसलं तरी प्रवासाच्या हिशोबाने हे बेटच आहे. बेटावर जाताना जशी बोटीची वेळ बघावी लागते, तशी इथे नाक्यापुढची सोय आधी ठरवावी लागते.

पहिला नियम: प्रवासाचे तीन तुकडे करा

मॅपमध्ये थेट हॉटेलचं नाव टाकू नका. गाडीचा मोड निवडलेला असेल तर फोन गाडीच्या रस्त्याचा आणि गाडीच्या वेगाचा हिशोब करतो. शेवटचा, सगळ्यात जास्त दमवणारा तुकडा त्यात नीट धरलेलाच नसतो. त्याऐवजी असे तीन तुकडे करा:

१. घर ते नेरळ स्टेशन (लोकल)
२. नेरळ ते दस्तुरी नाका (घाटातली टॅक्सी, किंवा थेट छोटी रेल्वे)
३. दस्तुरी ते हॉटेल (पायी, शटल, घोडा किंवा ई-रिक्षा)

प्रत्येक तुकड्याची वेळ वेगळी काढा आणि मध्ये थांबण्याचा वेळ धरा. बुकिंग करताना हॉटेलवाल्यांना फोन करून एकच प्रश्न विचारा: "माथेरान स्टेशनपासून तुमच्याकडे पायी किती वेळ लागतो?" हॉटेलच्या पानावर 'मार्केटपासून जवळ' लिहिलेलं असतं. जवळ म्हणजे पाच मिनिटं की अर्धा तास, हे बॅग पाठीवर असताना कळून उपयोग नाही.

तुकडा १: घर ते नेरळ

नेरळ कल्याण-कर्जत मार्गावर आहे. कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू आणि मग नेरळ. कल्याणहून पाऊण तासाच्या आसपास लागतो. कर्जत किंवा खोपोली लोकल पकडायची. कल्याणला मार्ग फुटतो, त्यामुळे चुकून कसारा लोकलमध्ये बसलात तर टिटवाळ्याचं दर्शन होईल, माथेरानचं नाही. इंडिकेटरवर कर्जतसाठी 'एस' आणि कसाऱ्यासाठी 'एन' असतं, हे नेहमीच्या लोकांना माहीत आहे. सोबत बाहेरगावचे मित्र असतील तर त्यांना नक्की सांगा.

फोनमध्ये काय करायचं:

• तिकीट घरूनच काढा. रेल्वेने जुलै २०२५ मध्ये आणलेल्या रेलवन अ‍ॅपवर अनारक्षित तिकीट निघतं. मोबाइल तिकिटाला जागेचं बंधन असतं: स्टेशनच्या आवारात आणि रुळांच्या अगदी जवळ ते काढता येत नाही. फोन तुमचं लोकेशन तपासतो आणि नकार देतो. टीसी समोर आल्यावर कोणी तिकीट काढू नये म्हणून ही व्यवस्था आहे.

• मोबाइल तिकिटाचा स्क्रीनशॉट चालत नाही, ते अ‍ॅपमध्येच दाखवावं लागतं. फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट. त्यामुळे येतानाचं तिकीट नेरळच्या खिडकीवर कागदी घेतलं तरी बिघडत नाही. दिवसभर फोटो काढून बॅटरी ५ टक्क्यांवर आलेली असते, तेव्हा हा सल्ला आठवेल.

• लोकलचं वेळापत्रक एम-इंडिकेटरमध्ये इंटरनेट नसतानाही दिसतं. गाडी नेमकी कुठे आहे ते मध्य रेल्वेच्या 'यात्री' अ‍ॅपवर कळतं, पण त्याला नेट लागतं. दोन्ही ठेवा. कर्जत लोकल ठाणे-कल्याण लोकलसारख्या दर पाच मिनिटांनी नसतात, म्हणून परतीच्या दोन-तीन गाड्यांच्या वेळा आधीच लिहून ठेवा.

तुकडा २: नेरळ ते दस्तुरी

स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी मिळतात. घाट वळणाचा आणि चढाचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी खिडकीजवळची जागा धरावी आणि फोनमध्ये डोकं घालून बसू नये. दुसरा मार्ग म्हणजे नेरळहून थेट छोटी रेल्वे, ज्याला आपण सगळे 'मिनी ट्रेन' म्हणतो. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत ती सुमारे २१ किलोमीटरचा नागमोडी रस्ता अडीच-पावणेतीन तासांत चढते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत फक्त वरची अमन लॉज-माथेरान शटल चालते. २००५ आणि २०१९ च्या अतिवृष्टीत हा मार्ग वाहून गेला होता. २०१९ नंतर पूर्ण मार्गावर गाडी पुन्हा धावली ती थेट २२ ऑक्टोबर २०२२ ला. त्यामुळे जुन्या व्हिडिओतलं किंवा मागच्या वर्षीच्या रीलमधलं वेळापत्रक बघून निघू नका. रील अपलोड कधी झाली ती तारीख बघा आणि मध्य रेल्वेने दिलेलं चालू वेळापत्रकच धरा.

तुकडा ३: दस्तुरीच्या पुढे

नाक्यावर माथेरान गिरीस्थान नगरपरिषदेचा प्रवासी कर भरावा लागतो. पावती सांभाळून ठेवा. पुढे पर्याय असे:

पायी: बाजारापर्यंत सुमारे अडीच किलोमीटर. धडधाकट माणसाला पाऊण तास. चाकांची ट्रॉली बॅग आणू नका. लाल मातीत आणि दगडांत ती ओढायची म्हणजे चाकं तरी जातील नाहीतर हात तरी. पाठीवरची सॅक बरी.

शटल: दस्तुरीपासून थोडं चालून अमन लॉज स्टेशन. तिथून छोटी गाडी माथेरान स्टेशनपर्यंत, म्हणजे थेट बाजारात नेते. ज्येष्ठांसाठी हा सगळ्यात सोपा मार्ग. तिकीट खिडकीवर रांगेत उभं राहून काढायचं, हे धरूनच चला. शनिवार-रविवारी रांग मोठी असते. पोहोचल्याबरोबर वेळापत्रकाच्या फलकाचा फोटो काढा. शेवटची शटल कधीची, हे दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे.

घोडा: दर ठरलेले असतात आणि त्याचा फलक लावलेला असतो. आधी फलकाचा फोटो, मग बोलणी. फोटो हातात असला की वाद होत नाहीत, ना तुमच्याकडून ना त्यांच्याकडून.

ई-रिक्षा: यामागची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. माथेरानमध्ये इंग्रजांच्या काळापासून माणसाने ओढायच्या रिक्षा होत्या. एक माणूस पुढून ओढणार, एक-दोन मागून ढकलणार आणि आत आपण बसणार. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली आणि त्या वर्षाअखेर त्या रस्त्यावर आल्या. पुढे त्यांची संख्या २० पर्यंत मर्यादित ठेवून त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात, असं न्यायालयाने सांगितलं. ६ ऑगस्ट २०२५ ला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि तिथल्या रिक्षाचालकांना ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणं माणुसकीला धरून नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

तुमच्या प्लॅनसाठी याचा अर्थ एवढाच: ई-रिक्षा आहे, पण मोजकी आहे. ही ठाण्यातली रिक्षा नाही, की हात केला आणि थांबली. गावातली माणसं, शाळेची मुलं, वयस्कर लोक यांना तिची खरी गरज असते. वेळ आणि भाडं दस्तुरीलाच विचारा. तुम्ही पंचविशीत असाल, गुडघे शाबूत असतील, तर चाला. ती सीट कोणाच्या तरी आईसाठी राहू द्या.

नेट नसताना लोकेशन कसं दिसतं?

बऱ्याच जणांचा समज असतो, की नेट गेलं म्हणजे जीपीएस गेलं. तसं नाही.

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचे सिग्नल पाठवत असतात. तुमचा फोन ते फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. कमीत कमी चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले, की ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून फोन स्वतःची जागा काढतो. यात सिमकार्डाचा, टॉवरचा, डेटाचा संबंध नाही. अनेक फोन आता जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बायडू आणि आपले नाविक हे उपग्रहही वापरतात.

मग नेट कशाला लागतं? दोन गोष्टींसाठी. पहिली, नकाशाचं चित्र डाउनलोड करायला. निळा ठिपका बरोबर जागी असतो, पण त्याच्याखाली राखाडी रिकामी चौकट दिसते ती यामुळे. दुसरी, उपग्रह आत्ता कुठे आहेत याची माहिती पटकन मिळवायला. नेट नसेल तर फोन ती माहिती थेट उपग्रहांकडून घेतो, त्यामुळे पहिल्यांदा ठिपका यायला वेळ लागतो. अशा वेळी मोकळ्या आकाशाखाली एक-दोन मिनिटं शांत उभे राहा. माथेरानची झाडी दाट आहे, त्यामुळे झाडाखाली ठिपका दहा-वीस मीटर इकडेतिकडे उडी मारतो. तो फोनचा दोष नाही.

गूगल मॅप्स ऑफलाइन: एक अडचण जी कोणी सांगत नाही

घरच्या वायफायवर गूगल मॅप्स उघडा. वर उजवीकडे तुमच्या फोटोवर टॅप करा, 'ऑफलाइन नकाशे' निवडा, मग स्वतःचा नकाशा निवडायचा पर्याय घ्या. चौकट अशी ओढा, की नेरळ, दस्तुरी आणि माथेरानचे सगळे पॉइंट आत येतील. डाउनलोड करा. असे नकाशे काही काळाने कालबाह्य होतात, म्हणून मागच्या ट्रिपचा असेल तर अपडेट करून घ्या.

आता अडचण. गूगल मॅप्स ऑफलाइन असताना फक्त गाडीचा रस्ता सांगतो. पायी, सायकल, बस-रेल्वे यांचे मार्ग ऑफलाइन मिळत नाहीत. डोंबिवलीत याने काही अडत नाही. पण ज्या गावात गाडीच नाही, तिथे फक्त गाडीचा रस्ता सांगणारा नकाशा काय कामाचा? माझं दस्तुरीला नेमकं हेच झालं होतं.

उपाय म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं अ‍ॅप. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा आहे, विकिपीडियासारखा. त्यावर आधारलेलं ऑरगॅनिक मॅप्स हे अ‍ॅप मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि एकदा तुमच्या भागाचा नकाशा उतरवला की पायी रस्ता पूर्ण ऑफलाइन काढून देतं. चढ-उतार किती, तेही दाखवतं.

घरी बसून हॉटेल, माथेरान स्टेशन, अमन लॉज, शार्लोट तलाव, आणि जे पॉइंट बघायचे आहेत ते (पॅनोरमा, लुईझा, एको, वन ट्री हिल वगैरे) बुकमार्क करून ठेवा. वर गेल्यावर शोधायला नको.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्या. अशा नकाशात तुटक रेघेने पायवाटा दाखवलेल्या असतात. माथेरानहून त्यातल्या काही थेट कड्यावरून खालच्या गावांकडे उतरतात, वन ट्री हिलजवळची 'शिवाजी शिडी' त्यातलीच. अ‍ॅपला 'सगळ्यात जवळचा रस्ता' विचारलात तर ते ट्रेकरची वाटही सुचवू शकतं. त्याला कडा दिसत नाही, रेघ दिसते. पावसाळ्यात किंवा अंधार पडायला लागल्यावर तुटक रेघेवर जाऊ नका. रुंद लाल रस्ता सोडायचा नाही, आणि शंका आली तर घोडेवाल्याला विचारायचं.

पैसे: यूपीआय लाइट म्हणजे ऑफलाइन नव्हे

हा गैरसमज खूप पसरलेला आहे. यूपीआय लाइटमध्ये पैसे आधीच बाजूला काढून ठेवलेले असतात, पिन लागत नाही, आणि प्रत्येक वेळी बँकेच्या मुख्य सर्व्हरला विचारावं लागत नाही. म्हणून बँकेचा सर्व्हर अडला तरी पेमेंट जातं. पण तुमच्या फोनला नेट लागतंच. डिसेंबर २०२४ पासून एका वेळी १,००० रुपये आणि एकूण ५,००० रुपये शिल्लक अशी त्याची मर्यादा आहे. चहा, पाणी, चिक्की यासाठी पुरेसं. कमकुवत नेटवर्कमध्ये नेहमीच्या यूपीआयपेक्षा हे बरं, एवढंच.

डेटा अजिबात नाही पण फोनला कॉलपुरती रेंज आहे, अशा वेळी *९९# हा पर्याय आहे. बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून हे डायल करा, मेनू येतो, आकडे दाबत पुढे जायचं. एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी ही सोय आहे, पण आपल्यालाही चालते. घरी एकदा बँक निवडून, शिल्लक तपासून, ते चालू असल्याची खात्री करा. नाक्यावर पहिल्यांदा करायला गेलात तर मागची रांग बोलायला लागेल.

आणि सगळ्यात भरवशाचा पर्याय: रोख. प्रवासी कर, शटल, घोडा, जेवण, परतीची टॅक्सी यांचा हिशोब करून सुट्ट्या नोटा ठेवा, आणि त्या नेरळच्या आधी काढा. हे मी इंजिनिअर असून सांगतोय.

बॅटरी आणि नेटवर्क

रेंज कमी असली की फोन टॉवर शोधत राहतो आणि जास्त ताकद लावून बोलतो. त्यात बॅटरी भराभर उतरते. जंगलातल्या पॉइंटवर रेंज येते-जाते, तेव्हा फ्लाइट मोड लावा. बहुतेक फोनमध्ये फ्लाइट मोडवरही जीपीएस चालतं, कारण ते फक्त ऐकण्याचं काम आहे. ऑफलाइन नकाशा आणि फ्लाइट मोड ही जोडी दिवसभर पुरते. फक्त कॉल येणार नाहीत, हे घरच्यांना आधी सांगा.

ग्रुपमध्ये असाल तर सगळ्यांकडे एकाच कंपनीचं सिम नको. एकाचं गेलं तर दुसऱ्याचं चालेल. हॉटेलच्या खोलीत रेंज नसेल पण वायफाय असेल, तर सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू करा, नेहमीच्या नंबरवरून कॉल लागतो.

संकटात ११२. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा टॉवर मिळत असेल तर हा कॉल त्यावरून जाऊ शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८. आपण कुठे आहोत हे सांगताना 'झाडाखाली आहे' म्हणून उपयोग नाही. नकाशावर निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरा, आकडे दिसतील. माथेरानमध्ये ते १८.९८, ७३.२७ च्या आसपास असतात. हे आकडे साध्या एसएमएसने पाठवा. एसएमएसला डेटा लागत नाही आणि जिथे व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक राहते तिथेही तो निघून जातो.

आणखी दोन साध्या गोष्टी. माकडं हातातलं हिसकावतात, फोनला दोरी लावा. आणि कड्यावर सेल्फीसाठी कठड्यापलीकडे जाऊ नका. जांभ्या दगडाची माती पायाखालून सरकते.

ओळखपत्र

हॉटेलात ओळखपत्र मागतात. डिजिलॉकर उघडायला नेट लागू शकतं, म्हणून कार्ड सोबत ठेवा. आधारची प्रत द्यायची असेल तर आधारच्या साइटवरून 'मास्क्ड आधार' आधीच उतरवून घ्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पूर्ण आधारचा फोटो अनोळखी व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवायची सवय सोडा.

हाच हिशोब खऱ्याखुऱ्या बेटावर

ही तयारी जमली की ती कुठेही कामाला येते. चीनच्या फुजियान प्रांतात शियामेन शहरासमोर गुलांग्यू नावाचं जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं बेट आहे. तिथे गाड्या नाहीत, सायकललाही बंदी आहे. जुने बंगले, गल्ल्या आणि पियानोचं संग्रहालय. २०१७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. भारतीयांसाठी चीनचा पर्यटक व्हिसा जुलै २०२५ पासून पुन्हा सुरू झालाय, त्यामुळे आपल्याकडचीही काही मंडळी तिकडे जायचा विचार करतायत.

तिथेही तुकडे तेच: शहरापर्यंत, धक्क्यापर्यंत, आणि बोटीतून उतरल्यावर पायी. दस्तुरीच्या जागी बोटीचा धक्का आणि प्रवासी कराच्या पावतीच्या जागी पासपोर्ट दाखवून काढलेलं बोटीचं तिकीट. फोनचे प्रश्न मात्र आणखी वाढतात. चीनच्या स्थानिक नेटवर्कवर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद असतात. वीचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे. पैशांसाठी परदेशी पर्यटक आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून अलीपे वापरतात. आणि नकाशाची एक गंमत: चीनमधले अधिकृत नकाशे मुद्दाम थोडी सरकवलेली मोजणी वापरतात. त्यामुळे जीपीएसचे खरे आकडे तिथल्या नकाशात टाकले, तर जागा काही शे मीटर बाजूला दिसू शकते. म्हणजे दुसऱ्या नकाशावरचे आकडे तिकडच्या अ‍ॅपमध्ये चिकटवायचे नाहीत, जागा नावानेच शोधायची.

पासपोर्ट काढण्याआधी या सगळ्याचा सराव कुठे करायचा? लोकलचं तिकीट काढून पोहोचता येईल अशा माथेरानला.

आदल्या रात्रीची यादी

• गूगल मॅप्स आणि ऑरगॅनिक मॅप्स, दोन्हींचे ऑफलाइन नकाशे
• हॉटेल, स्टेशन आणि पॉइंट बुकमार्क
• हॉटेलचा नंबर आणि पत्ता, कागदावरसुद्धा
• परतीच्या तीन लोकलच्या वेळा
• छोटी रेल्वे आणि शटलचं चालू वेळापत्रक
• यूपीआय लाइटमध्ये शिल्लक, *९९# तपासलेलं, खिशात रोख
• पॉवर बँक, केबल, फोनची दोरी, पावसाळ्यात झिपची पिशवी
• ओळखपत्र आणि मास्क्ड आधार

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एका दिवसात जाऊन येता येईल का?
हो. कल्याण-डोंबिवलीहून पहाटे निघालात तर आरामात. पण दस्तुरीहून परत फिरायची वेळ आधी ठरवा आणि अलार्म लावा. शेवटची शटल चुकली, तर अंधारात अडीच किलोमीटर चाल आणि मग टॅक्सीची शोधाशोध.

बाइक घेऊन जाऊ का?
दस्तुरीपर्यंत. तिथे पार्किंग आहे. घाटात ब्रेक आणि क्लच दोन्हींची परीक्षा होते.

ज्येष्ठांना घेऊन जायचं तर?
आठवड्याच्या मधला दिवस निवडा, शटलच्या रांगेसाठी वेळ धरा, आणि हॉटेल माथेरान स्टेशनजवळचं घ्या. पाचशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

दिवाळीनंतर आईला घेऊन पुन्हा गेलो, यावेळी ही यादी करून. शटलने वर पोहोचलो, नकाशाने हॉटेलची वाट नेटशिवाय दाखवली, पैसे रोख दिले. संध्याकाळी शार्लोट तलावाकडे जाताना मी फोन काढला, तर आईने समोरून येणाऱ्या घोडेवाल्याला आधीच विचारून टाकलं होतं. दोघांचं उत्तर एकच आलं. फोन खिशात ठेवला. गाड्यांचा आवाज नसलेल्या रस्त्यावर तो तिथेच बरा होता.